दहा बाय बाराच्या खोलीतले बारा फुटी टेबल : प्रस्तावना

स्नूकरच्या पूर्ण आकाराच्या टेबलाला सगळे बारा फुटी म्हणतात. कुशनच्या आतला खेळायचा भाग ११ फूट ८.५ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद भरतो. पण एवढ्यावर भागत नाही. पांढरा चेंडू कुशनला चिकटून बसला की क्यूची जवळपास सगळी लांबी टेबलाबाहेर राहते आणि हात मागे घ्यायला पाच फूट तरी मोकळे लागतात, तेही चारही बाजूंना. म्हणून बारा फुटी टेबलासाठी २२ फूट बाय १६ फुटांची खोली धरण्याचा रिवाज आहे. म्हणजे ३५२ चौरस फूट, मध्ये खांब नको, भिंतीला कपाट नको. शिवाय कापडाखालच्या स्लेटच्या पाच लाद्या आणि लाकडी सांगाडा मिळून वजन टनाच्या वर जाते. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत वीस वर्षांचे कर्ज काढून घेतलेल्या वन बीएचके घराचा हॉल, स्वयंपाकघर आणि बेडरूम एकत्र केले तरी बऱ्याचदा फार तर एवढीच जागा निघते. इथल्या माणसाने घरात स्नूकरचे टेबल ठेवायचे म्हणजे कुटुंबाला घराबाहेर काढायचे. तेव्हा त्याच्या वाट्याला हा खेळ येतो तो संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर. पुढील पानांचा विषय हाच आहे : स्नूकर आणि पूलचा असा व्हिडिओ गेम, ज्यात चेंडू खऱ्या चेंडूसारखा घसरतो, लोळतो, वळतो आणि थांबतो. अशा गेमकडे टेबल परवडत नाही म्हणून पत्करलेली तडजोड म्हणून पाहण्याची सवय आहे. ही सवय सोडावी, असे मला वाटते. टेबलापासून दूर राहणाऱ्या माणसाला या खेळाचे शास्त्र शिकण्याची ती पहिली खरी सोय आहे. मात्र त्यातल्या चेंडूंनी निसर्गाचे नियम पाळले पाहिजेत आणि खेळणाऱ्याची चूक त्याच्यापासून लपवता कामा नये. या एका अटीवर सगळे उभे आहे, आणि बाजारातले बहुतेक गेम नेमकी हीच अट मोडतात.

जागेचा प्रश्न आधी मांडला, कारण या खेळाचा आपल्याकडचा इतिहास जागेचाच इतिहास आहे. स्नूकर जन्माला आला तो १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याकडे त्याचे श्रेय जाते आणि नियम पक्के झाले ते उटीच्या क्लबात. मेस, क्लब, जिमखाना ही त्याची घरे. स्वातंत्र्यानंतरही मुंबई-पुण्यातली चांगली टेबले बहुतांश सभासदत्वाच्या दारामागेच राहिली. त्या टेबलांनी दिले मात्र भरपूर. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले आणि वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा तेच अजिंक्यपद आणले. पंकज अडवाणी पुण्यात जन्मले, बेंगळुरूत वाढले आणि स्नूकर-बिलियर्ड्स मिळून त्यांनी पंचविसाहून अधिक जागतिक किताब मिळवले. मुंबईचे आदित्य मेहता २०१३ मध्ये वर्ल्ड गेम्सचे सुवर्णपदक जिंकले आणि त्याच वर्षी दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. २०१५ मध्ये ती स्पर्धा मुंबईतच झाली. मुंबईचाच ईशप्रीतसिंग चढ्ढा २०२३ मध्ये व्यावसायिक सर्किटवर दाखल झाला. एवढी परंपरा असलेल्या महानगर प्रदेशात चर्चगेटपासून लोकलने तासाभराहून लांब असलेल्या वस्तीतल्या मुलाला बारा फुटी टेबल फक्त टीव्हीवर दिसते, ही गोष्ट मला सलते. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. रस्ते, पाणी, पावसाळ्यात तुंबणारे नाले यांची यादीच एवढी मोठी आहे की स्नूकरचे सार्वजनिक टेबल त्या यादीत शेवटी तरी येईल का, हा प्रश्नच आहे. पूल पार्लर असतात, पण तिथले टेबल बहुधा सात-आठ फुटांचे, चेंडू मोठे, पॉकेट सैल, आणि घड्याळ लावून तासाचे पैसे. तिथे जाऊ नये असे मी म्हणत नाही, जरूर जावे. पण ज्याला एकच फटका पन्नासदा मारून पाहायचा आहे त्याला तासाचे भाडे पाचव्या-सहाव्या फटक्यालाच आठवू लागते.

आता शास्त्राकडे. मराठी वाचकाला कोन शिकवण्याची गरज नाही. कॅरमने ते काम केव्हाच केले आहे. कट कसा मारायचा, रिबाउंड कुठून घ्यायचा, सोंगटीच्या कोणत्या कडेवर स्ट्रायकर लागला की ती भोकात जाते, हे चाळीतल्या आणि सोसायटीतल्या पोरांच्या बोटांत भिनलेले असते. पण कॅरमचे शहाणपण स्नूकरच्या टेबलावर अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते. सोंगटी सपाट असते, ती सुरुवातीपासून थांबेपर्यंत घसरतच जाते. चेंडू आधी घसरतो आणि मग लोळू लागतो, आणि या दोन अवस्थांमधल्या सीमेवर स्नूकरचा निम्मा खेळ होतो. पांढऱ्याला बरोबर मध्यावर मारले तर तो निघताना न फिरता घसरत जातो. कापडाचे घर्षण त्याचा वेग खाते आणि त्याच वेळी त्याला फिरवू लागते. फिरणे आणि पुढे जाणे यांचा मेळ बसला की घसरणे संपते, लोळणे सुरू होते, आणि त्या क्षणी त्याचा वेग सुरुवातीच्या वेगाच्या बरोबर पाच सप्तमांश उरलेला असतो. कापड खरखरीत असो वा गुळगुळीत, हे गुणोत्तर बदलत नाही. बदलते ते फक्त तिथवर पोहोचायला लागणारे अंतर. फ्रेंच गणिती कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात चेंडूच्या या वागण्याचा पाया घातला गेला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना मिळणाऱ्या वळणाला ज्यांचे नाव आहे, तेच हे कोरिओलिस.

हे अंतर किती? सेकंदाला एक मीटर वेगाने मध्यावर मारलेला चेंडू साधारण कापडावर बारा-तेरा सेंटिमीटर घसरतो आणि लोळू लागतो. वेग दुप्पट केला की अंतर चौपट होते, सुमारे अर्धा मीटर. या एका वर्गाच्या नियमात स्क्रूचे सगळे मर्म आहे. पांढऱ्याच्या खालच्या भागावर मारले की तो उलटा फिरत निघतो. पण वाटेत कापड तो उलटा फिरा, म्हणजे स्पिन, सतत खात असते. समोरचा चेंडू वीतभर अंतरावर असेल तर हलक्या हातानेही पांढरा मागे येतो. तोच चेंडू मीटरभर लांब असेल तर तोपर्यंत उलटा फिरा संपून पांढरा सरळ लोळू लागलेला असतो, आणि मागे येण्याऐवजी तो पॉट केलेल्या, म्हणजे पॉकेटात घातलेल्या, चेंडूमागे पॉकेटकडे निघतो. नवख्या खेळाडूला हे दैव वाटते. चांगल्या सिम्युलेशनमध्ये तोच फटका अंतर बदलून, वेग बदलून, क्यूचे टोक मिलिमीटरभर खालीवर करून मारता येतो आणि दैवामागचा नियम आपोआप हाती लागतो. वाईट गेममध्ये स्क्रू म्हणजे एक बटण असते. ते दाबले की पांढरा कुठूनही, कितीही लांबून, ठरलेले अंतर मागे येतो. असा गेम हजार वेळा खेळून खेळाडूच्या डोक्यात खोटा नियम पक्का बसतो, आणि खऱ्या टेबलावर तो नंतर खरवडून काढावा लागतो. म्हणूनच मी वास्तवाचा आग्रह धरतो. टेबलाच्या लाकडाची चमक, पंचाचे पांढरे हातमोजे, प्रेक्षकांची कुजबूज यांना त्यात फारसे स्थान नाही. चेंडू लोळायला कुठे लागतो, हे तपासावे.

दुसरी तपासणी टक्करीची. न फिरता घसरत आलेला पांढरा दुसऱ्या चेंडूवर तिरपा आदळला की दोघांच्या वाटा जवळपास काटकोनात फुटतात. यालाच स्टन म्हणतात. लोळत आलेला पांढरा अर्ध्या चेंडूवर आदळला तर मात्र आधी त्या काटकोनी वाटेवर निघतो आणि मग त्याच्या अंगातला पुढचा फिरा त्याला वाकवतो. शेवटी तो मूळ दिशेपासून सुमारे ३४ अंशांवर स्थिरावतो. जोन्स आणि फरेरा ज्या खेळात जगज्जेते झाले त्या बिलियर्ड्सचा तर हाच कोन आत्मा आहे. टक्करीच्या क्षणी दोन चेंडूंच्या पृष्ठभागांमध्येही घर्षण असते. ते दुसऱ्या चेंडूला काही अंश बाजूला ओढते, हळू फटक्यात जास्त, जोरकस फटक्यात कमी. कुशनवर जोरात आदळलेला चेंडू आणि हळूच टेकलेला चेंडू एकाच कोनात परतत नाहीत. आणि या सगळ्याच्या मुळाशी खेळाचा निर्दयपणा आहे. पांढरा आणि लाल यांच्या केंद्रांत १.२ मीटर अंतर आहे आणि लाल तिथून मीटरभर सरळ रेषेत असलेल्या पॉकेटात घालायचा आहे असे धरा. नेम एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने चुकला, तर पांढरा लालवर पोहोचेपर्यंत दोन मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर, त्यावर दोन मिलिमीटरची चूक म्हणजे लालच्या दिशेत दोन अंशांहून अधिक चूक, आणि मीटरभर पुढे गेल्यावर जवळजवळ चार सेंटिमीटर. तो लाल पॉकेटच्या जबड्यावर आपटून बाहेर येतो. म्हणजे चूक वीसपटीने फुगली. ज्या गेममध्ये असा लाल हळूच ओढून आत घेतला जातो, तिथे खेळणाऱ्याचे कौतुक होते, त्याला शिकायला मात्र काही मिळत नाही.

हे नियम संगणकात उतरवण्याची खटपट चाळीस वर्षांची आहे. १९८४ मधल्या स्टीव्ह डेव्हिस स्नूकर या गेममध्ये टेबल वरून दिसे, जसे छताला टांगलेल्या कॅमेऱ्यातून दिसावे. १९९१ मध्ये आर्चर मॅक्लीन यांनी जिमी व्हाइट्स व्हर्लविंड स्नूकर आणला आणि अमिगा, अटारी एसटी यांसारख्या त्या वेळच्या घरगुती संगणकांवर खेळणारा पहिल्यांदाच टेबलाभोवती फिरून, वाकून, क्यूच्या रेषेतून नेम धरू लागला. १९९५ च्या व्हर्च्युअल पूलमध्ये माउस पुढे ढकलण्याचा वेग हाच फटक्याचा वेग झाला, त्यामुळे हाताच्या हालचालीला काही अर्थ आला. आपल्याकडे मात्र २००० नंतरच्या दशकात सायबर कॅफेत आणि घरच्या पीसीवर घराघरांत पोहोचला तो क्यू क्लब. तो आटोपशीर होता, साध्या संगणकावर चालत होता, आणि एका पिढीला स्नूकरचे रंगांचे गुण आणि पूलचे नियम त्यानेच शिकवले. हे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्यातही टेबल वरूनच दिसे. वरून पाहणाऱ्याला कोन दिसतात, नेम दिसत नाही. खऱ्या खेळाडूची हनुवटी क्यूला टेकलेली असते. त्याच्यासमोर असतो तो पांढऱ्याने अर्धवट झाकलेला चेंडू, किती भाग झाकला गेला यावरून त्याला कोन ओळखावा लागतो. ती नजर वरच्या दृश्यातून कधीच घडत नाही. २०१९ चा स्नूकर १९ हा १२८ व्यावसायिक खेळाडू आणि खऱ्या स्पर्धा घेऊन आला, तेव्हा ही नजर पुन्हा मध्यभागी आली. संशोधकांनी पडद्यामागची बाजू वेगळ्या मार्गाने पक्की केली. कॅनडातल्या लेकी आणि ग्रीनस्पॅन यांनी चेंडूंची गती क्षणाक्षणाने पुढे ढकलण्याऐवजी पुढची घटना नेमकी केव्हा घडेल हे समीकरणाने काढण्याची पद्धत मांडली. घसरणाऱ्या चेंडूची वाट अन्वस्त असते, आणि अशा दोन वाटा केव्हा भिडतात हे चौथ्या घाताचे समीकरण सोडवून सांगता येते. त्यामुळे दोन चित्रांमधल्या फटीतून चेंडू एकमेकांच्या आरपार जाण्याचा जुना दोष उरत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा : पडद्यावर हात घडत नाही. खांदा, कोपर, मनगट, ब्रिज करणारी डाव्या हाताची बोटे, श्वास रोखणे, यांतले काहीही माउस किंवा अंगठा शिकवू शकत नाही. मग शास्त्र कळून काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. सिम्युलेशनने हात घडतो असा दावा कोणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण स्नूकर हातासोबत निवडीचाही खेळ आहे. कोणता लाल, त्यानंतर कोणता रंग, पांढरा कुठे थांबवायचा, कधी पॉट सोडून सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अवघड जागी ठेवणारा फटका, खेळायची, हे निर्णय क्यू हलण्याआधी होतात. हे दोन भाग वेगळे करून पाहता येतात, याचा पुरावा संगणकांच्या स्पर्धांतच मिळतो. कॉम्प्युटर ऑलिम्पियाडमध्ये २००५ पासून ८ बॉल पूलच्या लढती झाल्या, त्यात दोन्ही बाजूंना प्रोग्राम होते. एका फटक्याचे वर्णन फक्त पाच आकड्यांत होते : क्यूचा वेग, तिची आडवी दिशा, तिचा चढ, आणि पांढऱ्यावर टोक मध्यापासून किती बाजूला आणि किती वरखाली लागले. प्रोग्रामने हे पाच आकडे दिले की आयोजकांचे सॉफ्टवेअर प्रत्येकात यादृच्छिक थोडी चूक मिसळायचे, आणि मगच फटका खेळला जायचा. म्हणजे सगळ्यांचा हात सारखाच थरथरता होता. तरीही निकाल सारखे लागले नाहीत. अल्बर्टा विद्यापीठात घडलेला पिकपॉकेट २००५ आणि २००६ मध्ये जिंकला, २००८ मध्ये स्टॅनफर्डचा क्यूकार्ड जिंकला. आपला हात चुकणार हे धरून, चुकल्यावरही पुढे काहीतरी हाती राहील असे फटके जो निवडतो तो जिंकतो, हे या लढतींनी दाखवले. हीच विद्या पडद्यावर शिकता येते, आणि खऱ्या टेबलावर तासाचे पैसे मोजणाऱ्या नवशिक्याला तीच शिकायला सवड नसते. म्हणून माझी उलट मागणी आहे. घरच्या गेमनेही हात थोडा थरथरू द्यावा. ठरवलेला नेम आणि प्रत्यक्ष फटका यांत अंतरच नसेल तर खेळणारा हावरे पॉट घेत राहतो आणि सेफ्टी म्हणजे काय ते त्याला कधीच कळत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. एवढे वास्तव कोणाला हवे आहे? लाल वीसपट चुकत राहिला तर दिवसभराच्या कामावरून लोकलने लटकत आलेला माणूस दहा मिनिटांत गेम बंद करील. हेही खोटे नाही. म्हणूनच नेमाची रेषा, म्हणजे चेंडू कुठे जाईल हे दाखवणारी पांढरी रेघ, बहुतेक गेमांत असते आणि सुरुवातीला ती असावीच. प्रश्न तिच्या असण्याचा नाही, ती कशी कमी होते याचा आहे. शिकवणाऱ्या गेममध्ये खेळणारा सुधारला की रेघ आखूड होत जाते आणि शेवटी नाहीशी होते. विकणाऱ्या गेममध्ये उलटे घडते. मिनिक्लिपच्या ८ बॉल पूलमध्ये प्रत्येक क्यूला जोर, नेम, फिरा आणि वेळ असे गुण असतात. वरच्या दर्जाची क्यू घेतली की नेमाची रेघ लांब होते. म्हणजे जे ज्ञान सरावाने डोळ्यात यायला हवे ते क्यूमध्ये भरून विकले जाते. जगभर कोट्यवधी लोक तो खेळतात आणि त्यांतल्या कित्येकांना पूलची पहिली ओळख त्यानेच करून दिली, ही त्याची बाजू मी नाकारत नाही. तरीही ज्या मुलाने लांब रेघेवर दोन वर्षे काढली त्याला रेघ नसलेल्या टेबलासमोर उभे केले की तो कोराच असतो. शिवाय त्यात प्रत्येक डावाआधी गेममधली नाणी लावायची असतात. ती पैसे नव्हेत, पण पणाला लावण्याची सवय त्यातून लागतेच. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळी मान्यता दिली. कायद्याने एक सीमा आखली. नाण्यांचा आणि विकत घेतलेल्या नेमाचा भाग त्या सीमेच्या अलीकडे राहतो, आणि तो पालकांनीच ओळखायचा आहे.

पालकांचा आक्षेप याहून व्यापक असतो : मोबाईल आधीच हातातून सुटत नाही, त्यात आणखी एक गेम कशाला? त्यांना मी एकच गोष्ट पाहायला सांगेन. स्नूकरची फ्रेम संपते. टेबलावर पंधरा लाल आणि सहा रंग, ते संपले की डाव संपला. पुढच्या पातळीचे आमिष त्यात मुळात नाही. एका फटक्याआधी चांगला खेळाडू विचार करतो, आणि समोरच्याची पाळी असताना दुसरे काहीच करता येत नाही, फक्त पाहावे लागते. हा संथपणा बोटांना सतत हलते ठेवणाऱ्या गेमांच्या अगदी उलट आहे. दुसरे असे की स्नूकरला फाऊल स्वतः कबूल करण्याची परंपरा आहे. पंचाला न दिसलेला स्पर्श खेळाडू स्वतः सांगतो. सिम्युलेशनमध्ये ही परंपरा येऊ शकत नाही, कारण संगणकाला सगळे दिसते. ही त्याची खरी उणीव आहे आणि ती भरून काढायला माणसांसोबतच खेळावे लागते. ज्याने पडद्यावर वर्षभर निष्ठेने खेळून कोन आणि फिरा समजून घेतला, त्याने पार्लरच्या टेबलावर उभे राहावेच. त्याच्या हाताला सगळे नव्याने शिकावे लागेल, पण चूक झाल्यावर ती नेमाची होती, वेगाची होती की फिऱ्याची, एवढे त्याला ओळखता येईल. प्रशिक्षक नसलेल्या गावात ही ओळख फार मोलाची आहे.

आजच्या चांगल्यात चांगल्या गेमांतही दोन गोष्टी कमी पडतात, आणि दोन्ही आपल्याकडे जास्त जाणवतात. पहिली कापडाची. स्नूकरच्या लोकरी कापडाला लव असते आणि ती बॉल्क टोकाकडून, म्हणजे डाव सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्याच्या टोकाकडे विंचरलेली असते. त्यामुळे हळू निघालेला चेंडू मधल्या पॉकेटाकडे जाताना लवेच्या दिशेला किंचित सरकतो, आणि साइड देऊन, म्हणजे मध्यापासून डावी-उजवीकडे टोक लावून, हळू मारलेला पांढरा लवेच्या बाजूने जाताना एकीकडे वळतो, तर उलट जाताना दुसरीकडे. पूलच्या कापडाला सहसा अशी लव नसते. स्नूकर आणि पूल दोन्ही एकाच गेममध्ये देणाऱ्यांनी हा फरक मनावर घ्यायला हवा. टेबलाचा आकार आणि चेंडूंचे रंग बदलून भागत नाही. त्यात दमट हवा. मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली हीटर लावून कापड कोरडे ठेवतात. वसईसारख्या समुद्राजवळच्या गावात जुलैमध्ये ते कापड ओलावा धरते, चेंडू जड चालतो, कुशन मंदावते, आणि मे महिन्यात बसलेला वेगाचा अंदाज कामाचा राहत नाही. घर्षणाचे आकडे खेळणाऱ्याच्या हाती देणारे गेम आहेत, पण ते थोडे. आणि किनाऱ्यावर शिकणाऱ्याला दोन्ही ऋतूंची टेबले हवीत. दुसरी उणीव बिलियर्ड्सची. बहुतेक गेम पूलचे डझनभर प्रकार आणि स्नूकर देतात, पण तीन चेंडूंचे बिलियर्ड्स गाळतात. पांढऱ्याचा मार्ग शिकण्यासाठी त्याच्याएवढा चांगला वर्ग दुसरा नाही, आणि ज्या खेळाने पुणे-मुंबईला जगज्जेते दिले तो पडद्यावरून नाहीसा होऊ देणे मला मान्य नाही.

म्हणून पुढील प्रकरणांचा क्रम थोडा वेगळा ठेवला आहे. नियम आणि गुणांची मोजणी उशिरा येते. आधी एकच पांढरा चेंडू रिकाम्या टेबलावर. त्याला मध्यावर, वर, खाली, डावी-उजवीकडे, वेगवेगळ्या वेगाने मारून तो कुठे लोळू लागतो आणि कुशनवरून कसा परततो हे वाचकाने आपल्या गेममध्ये स्वतः तपासायचे आहे. पाच सप्तमांशाची परीक्षा तिथेच घेता येते : पडद्याचे व्हिडिओ चित्रण करून फटक्यानंतर लगेचचा आणि लोळू लागल्यानंतरचा वेग फ्रेम मोजून काढावा. गुणोत्तर ०.७१ च्या जवळ आले तर त्या गेमवर वेळ घालवायला हरकत नाही. फार लांब राहिले तर दुसरा गेम शोधावा, आणि मगच दुसरा चेंडू टेबलावर ठेवावा.